तालाबाहेरचा ठोका

खालच्या मजल्यावरचे आजोबा एकटेच राहायचे. वरच्या डीजेच्या धाडधाड गाण्यांनी डोकं उठलं, की ते काठीने छत बडवायचे. जिन्यात भेटले की म्हणायचे, "अरे, हे संगीत आहे की रस्ता खोदतोयस?"

डीजेने त्या ठोक्यांचंच सोनं केलं. ते रेकॉर्ड करून 'आजोबांची काठी' नावाचा सॅम्पल पॅक, म्हणजे गाण्यांत वापरायच्या आवाजांचा संच, काढला, आणि तळघरातल्या पार्ट्यांमध्ये पोरं त्या ठोक्यांवर बेभान नाचायला लागली. "आजोबा, तुम्ही तर स्टार झालात!" तो हसत सांगायचा. आजोबा काही विरघळले नाहीत. ते बडवत राहिले, हा आवाज वाढवत राहिला.

त्या दुपारी नवं गाणं अगदी रंगात आलं होतं, पण काठीचा एक ठोका सारखा तालाबाहेर पडत होता. चरफडत तो कॉम्प्युटरवर गाण्यातला एकेक आवाज बंद करून त्या चुकार ठोक्याचा माग काढत बसला. अर्धी दुपार त्यातच गेली.

शेवटचा आवाजही बंद केला. खोली शांत झाली, तरी एक ठोका आला. खालून, अगदी हळू; छतावर नाही, जमिनीवर पडून कुणी काठी आपटावी तसा.


मग दुसरा आलाच नाही.