तेवढा एक शब्द

“आजीबाई, नातीला निबंधातला तेवढा एक शब्द गाळायला सांगा,” हेडमास्तर म्हणाले. “स्टेजवरून त्यानं द्वेष पसरतो.”

स्पर्धेचा विषयच होता, बोलायचं स्वातंत्र्य आणि द्वेषाची भाषा. माझी नात पहिली आली होती, आणि पहिल्या नंबरानं आपला निबंध गॅदरिंगला वाचायचा, ही शाळेची रीत. तो शब्द म्हणजे आमच्या जातीवरची शिवी. वर्गातली पोरं रोज तिला त्याच नावानं हाक मारतात, असं तिनं लिहिलं होतं.

“शाळेच्या फाटकात, वर्गात रोज पसरतो, तेव्हा कानात बोळे घालून बसता व्हय?” मी म्हणाले. “ओरडणारा मोकळा, आणि सांगणारीनं गप बसायचं?”

“पाहुणे येणार आहेत. नाहीतर दुसऱ्या नंबराला वाचायला लावीन.”

माझी जीभ सुटणार, तेवढ्यात नातीनंच माझा पदर ओढला. “गाळते, सर.”

असली भित्री पोर आमच्या घरात निपजलीच कशी! घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

गॅदरिंगला ती वाचत गेली आणि मध्येच थांबली.

“इथला शब्द सरांनी गाळायला लावलाय,” ती माईकवर म्हणाली. “पण माझ्या वर्गातल्या मुलांना तो पाठ आहे. त्यांनीच म्हणावा. रोज म्हणतात तेवढ्याच मोठ्यानं.”

मागच्या रांगेत तिच्या वर्गातली पोरं माना खाली घालून बसली.

मी उठले, पदर खोचला आणि मागं वळले.

“म्हणा की रे! आताच का दातखीळ बसली?”