उलटे प्रश्न

"हाकला त्याला," श्रेया म्हणाली. "आजच्या आज."

व्यसनमुक्ती केंद्रात परत नशेच्या गोळ्या सापडल्या होत्या. न्हाणीत, जिब्रानच्या बादलीखाली.

"अल्लाकसम मॅडम, आपुन नाय आणल्या!" जिब्राननं बादलीला लाथ घातली. "मिळाल्या असत्या तर तिथंच खाल्ल्या असत्या. लपवत बसतो कोण?"

श्रेया तिथं प्रश्नावल्या तपासायची. माणूस किती उतावळा, ते आकड्यावरनं कळायचं. उतावळा माणूस नशेत लवकर पडतो, असं केंद्र चालवणाऱ्या अमिना मॅडम सांगायच्या. जिब्रानचा आकडा सगळ्यात वर. आणि त्याच्या शेजारच्याच खाटेवर श्रेयाचा भाऊ, इंद्रजीत. आत्ता कुठं सुधारत होता. ह्याच्या नादानं परत बिघडला तर?

मॅडमनी कागद ओढले. "उलटे प्रश्न उलटे मोजलेस का गं?"

श्रेयानं जीभ चावली. 'मी आधी ठरवतो, मग करतो', असल्या प्रश्नाला 'नेहमी' म्हणणाऱ्याला सगळ्यात कमी मार्क द्यायचे असतात. तिनं सगळ्यात जास्त दिले होते.

ती इरेला पेटून परत मोजायला बसली. जिब्रानचा आकडा अजून चढला. इंद्रजीतचा धाडकन तळाला गेला.

"तुझा भाऊ लई थंड डोक्याचा दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "असं पोरगं नशेला लागलं कसं?"

"संगत, मॅडम. दुसरं काय?"

संध्याकाळी जिब्रानला घरी धाडायचं ठरलं.

श्रेया जेवायला घरी जाऊन परत आली. गेटवर रखवालदार फकिरामामा, भेटायला आलेल्यांचे डबे, चपला, पार टोप्यासुद्धा उलट्या करून बघत होते. तिला बघून बाजूला सरकले.

"जा पोरी. तुझी पिशवी काय बघायची!"

जिब्रान आपलं बोचकं घेऊन पायरीवर बसला होता. तिनं त्याच्याकडं बघितलंबी नाय.

इंद्रजीत दारातच उभा. "ताई, आणले का शर्ट?"

"आणले. तुझा वाळूजचा दोस्त सकाळीच घरी देऊन गेला. इथं कुणाला दाखवायचेत रे कडक इस्त्रीचे शर्ट? नवरदेव कुठला!"

"फुकट करून देतो, तर नको कशाला म्हणू? आण इकडं. घडी मोडू नको."

"थांब की, बघू तरी, किती कडक झालीय!" तिनं हसत वरच्या शर्टाची कॉलर चिमटीत दाबली.

आत काहीतरी कुटकन मोडलं, आणि उसवलेल्या शिवणीतनं अर्धी गोळी तिच्या तळहातावर पडली.