उजवीकडचा नट

जुन्या मोटारीचं तारांचं चाक मधल्या एकाच मोठ्या नटावर उभं असतं. उजवीकडच्या नटाचे आटे उलटे लागतात, नाहीतर चालत्या गाडीत तो सुटत जातो. गाडीचे मालक गोवर्धनभाऊ यांनी ऑनलाइन मागवलेल्या चाकांसोबत हब आणि नट चारही डावीकडचेच आले. परत पाठवा म्हणालो, तर आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. "तुले मिस्त्री म्हणून बलावलं, मास्तर म्हणून नाही. चुपचाप बसव." तोंडातलं रक्त गिळलं, हातोडा घेतला आणि चाकं बसवून दिली. मनात म्हटलं, मर. गाडी लग्नाला जाईल हे डोक्यात आलंच नाही. आठव्या दिवशी ती झेंडूच्या माळा घालून देवरीकडे निघाली. चालवायला गोवर्धनभाऊ, मागे नवरदेव, त्याच्या मांडीवर चार वर्षांची भाची. माझ्या दुकानापुढच्या ब्रेकरवर गाडी हळू झाली, तसा मी तिच्या आडवा गेलो आणि हातोड्याने समोरची काच फोडली. "काऊन बे, पागल झाला का?" मागच्या जीपमधले वराती उतरले. लाथा बसल्या, बरगडी मोडलेली मलाच ऐकू आली. तसाच सरपटत उजव्या चाकाशी गेलो. हातोड्याशिवाय हलू नये असा तो नट दोन बोटांनी फिरवून काढला आणि नवरदेवाच्या बापाच्या हातात ठेवला. लाथा थांबल्या. त्याने नट पाहिला, गाडीतली नात पाहिली. "कोनं बसवलं हे चाक?" गोवर्धनभाऊ काही बोलायच्या आत मी हातोडा नवरदेवाच्या बापाच्या पायाशी सरकवला. "म्या बसवलं."