कोपऱ्यातला डाग

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भला मोठा काळा डाग उमटला आणि सरांचा चेहराच पडला.

टेबलावर खिडकीच्या तावदानाएवढी काच होती आणि तिच्यावर पेरोव्हस्काइटचा तपकिरी, पातळ थर. उजेड पडेल तिथे हा थर वीज देतो. जिथे देत नाही, तेवढी जागा भिंतीवरच्या पडद्यावर काळी दिसते. आजवर प्रयोगशाळेत असला थर नखाएवढ्या काचेवर, ती गरगर फिरवून द्यायचे. पण कारखान्याने काय नखं विकायची? म्हणून संशोधिकेने पात्याने शाई, म्हणजे पेरोव्हस्काइटचं द्रावण, ओढून मोठा थर द्यायचं मनावर घेतलं. काचांमागून काचा वाया गेल्या, बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे हा एक थर धड आला होता.

आज कारखान्याच्या इंजिनियरबाई तो तपासायला आल्या होत्या. थर सगळीकडे सारखा निघाला तर तो त्यांच्या यंत्रावर जाणार आणि संशोधिकेला तिथे नोकरी. नाही निघाला, तर पुन्हा आपली नखं.

दिवा लावला तेव्हा पडदा लख्ख पांढरा झाला होता. तिचा जीव भांड्यात पडला होता. आणि तेवढ्यात, सर कौतुकाने काचेवर वाकलेले असताना, हा डाग.

"काय दिवे लावलेत हे!" सर मान वर करून पडद्याकडे बघत ओरडले. "पातं अडखळलं तुझं. हळू ओढ, हळू ओढ म्हणून घसा कोरडा केला मी."

"सर, पातं नाही अडखळलं."

"मग हे काय आहे?" म्हणत ते काचेच्या डाव्या बाजूला वाकले. डागही डावीकडे आला. "अरे देवा, इकडेही आहे!"

इंजिनियरबाई चष्मा पुसून पडद्याजवळ गेल्या. "डाग गोल आहे," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही बाजूंना हे काय आलंय? कान?"

संशोधिकेने ते कान ओळखले. सरांना बाजूला व्हा म्हणायची तिथे कुणाची टाप नव्हती. पण गप्प बसावं तर नोकरी हातची जात होती. ती सरांजवळ गेली.

"सर, तुम्ही मध्ये डोकं घातलंय."

"काय म्हणालीस?"

"दिव्याच्या आणि काचेच्या मध्ये, सर."

सर ताडकन सरळ झाले. पडदा पुन्हा पांढराशुभ्र.

"अहो, राहू द्या की," इंजिनियरबाई घाईने म्हणाल्या. "वाका पुन्हा. आता त्या कोपऱ्यात. अजून थोडं खाली."

पाहुण्यांचं मन मोडायचं कसं? सर बिचारे चारही कोपऱ्यांत वाकून आले. प्रत्येक ठिकाणी दोन्ही कान सारखेच ठसठशीत उमटले, टाळूवरची उभी बटसुद्धा. संशोधिका ओठ चावत खिडकीबाहेर बघत राहिली.

"वा!" इंजिनियरबाई म्हणाल्या. "उजेड असो की सावली, कुठेही कमीजास्त नाही. हा थर आमच्या यंत्रावर घ्यायचा. काम कुणाचं हे?"

संशोधिका तोंड उघडणार, तोच सर पुढे झाले. "पातं हिने ओढलं. डोकं माझं."

"ते दिसलं," इंजिनियरबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "तू कामावर कधीपासून येतेस?"