घासलेलं नाणं

जुनं अमेरिकन चांदीचं नाणं पारखावं तर कॅनडातल्या किचनरच्या दीनानाथांनीच. नाण्यावरच्या गरुडाच्या पंजातली फांदी भिंगाखाली धरली की ते नाण्याचा प्रकार अचूक सांगत. पण आज शेजारच्या देवेशने घरी आणलेला १८०६ सालचा हाफ डॉलर बघताच त्यांनी तोंड वाकडं केलं. देवेशच्या आईने लक्ष्मीपूजनासाठी तो टूथपेस्टने लख्ख घासला होता.

"शी! किळस येते मला असल्या चमकेची," ते कडाडले. "अरे, चांदीवरचा तो काळसर रंगच अस्सल. दोनशे वर्षं लागतात तो चढायला! तो घालवून नाणं उजळवणाऱ्यांना नाण्यातलं काडीचं कळत नाही. आता नाण्यांचा दर्जा ठरवणारं कुणी याला ग्रेडसुद्धा देणार नाही."

देवेश ओशाळून निघून गेला. टेबल लॅम्प बंद करायला लेक पुढे झाली, तेव्हा त्याच उजेडात दीनानाथांनी तिचा सावळा चेहरा नीट निरखला.



"ऊर्मी, शनिवारी विनिपेगची मंडळी तुला बघायला येतायत. त्याआधी ते ब्लीच तेवढं करून घे गं, जरा उजळ दिसशील."