धुतलेले हात

"पुन्हा धू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या सुनेनं पुढे केलेले ओले हात खाली घेतले आणि ती बेसिनकडे वळली. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटून लाल झाली होती. साबण लागला की झोंबायचं, तरी ती घासत राहिली. काचेपलीकडे ऊब देणाऱ्या पेटीत तिची मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, तळहातावर मावेल एवढी. कालपासून तिला दूध पचेनासं झालं होतं आणि अंग गार पडत चाललं होतं.

"नखांखाली घासलंस?"

"घासलं, आई."

"घासलं असतंस तर ही वेळ आली नसती."

नवजात बाळांच्या या कक्षात मोठ्या सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिकाऊ डॉक्टर पाठीमागे त्यांना साबणबाई म्हणायचे. यम जरी आला तरी बाई त्याला आधी हात धुवायला लावतील, असं म्हणून खिदळायचे. सिस्टरांच्या कानावर ते गेलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना आवडलंही होतं. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा तितकाच कडक. इंजेक्शनच्या बाटलीत उरलेलं औषध ठेवून द्यायचं नाही, तिथल्या तिथे बेसिनमध्ये ओतायचं, म्हणजे शिळं औषध चुकूनही कुठल्या बाळाच्या अंगात जाणार नाही. यात वावगं काय होतं? कुणालाही हे नियम चांगलेच वाटले असते.

तरीही अलीकडे बाळं दगावायला लागली होती. सगळ्यांच्या रक्तात एकच जंतू, आणि त्याला कुठलंच औषध लागू पडेना. सिस्टरांनी कंबर कसली. प्रत्येकाला हात धुवायला लावून, धुतलेल्या हातांचे नमुने त्यांनी तपासायला पाठवले. ज्याच्या हातांवर जंतू निघाला त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. हात नीट धुतले नाहीत, दुसरं काय! त्याला दुप्पट धुवायला लावलं. बाळं जायची थांबली नाहीत. मग त्यांची स्वतःची नात त्या पेटीत आली, आणि सुनेच्या हातांवरही तोच जंतू निघाला. "पोरीला हे तूच दिलंस," एवढंच त्या बोलल्या. सून त्यावर रडलीसुद्धा नाही, आणि सिस्टरांना त्याचाही राग आला.

सून अजून बेसिनपाशीच होती, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई जिना चढून आल्या. एरवी त्या फोनवर सांगायच्या. त्यांनी सिस्टरांना औषधांच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि जंतू वाढवून बघायच्या काचेच्या दोन बशा टेबलावर ठेवल्या.

"तुमच्या सुनेचे नमुने मी पुन्हा घेतले," त्या म्हणाल्या. "यावेळी दोनदा घेतले. एकदा बाहेरून आल्या आल्या आणि एकदा हात धुतल्यावर."

एका बशीत नेहमीचे निरुपद्रवी ठिपके होते, कुणाच्याही कातडीवर असतात तसले. दुसरीत औषधांच्या गोल टिकल्या मांडल्या होत्या. एरवी अशा टिकलीभोवती जंतू मरतात आणि रिकामं कडं पडतं. इथे जंतूंची साय टिकल्यांना खेटून वाढली होती. सिस्टरांनी त्या सायीकडे बोट दाखवलं.

"ही आल्या आल्याची ना?"

"नाही, सिस्टर. ही धुतल्यानंतरची."

सिस्टरांना ते कळलंच नाही. डॉक्टरबाईंना पुन्हा सांगावं लागलं, सावकाश, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं.

"जंतू बेसिनखालच्या नळीत बसलाय. वर्षानुवर्षं आपण तिथे उरलेली औषधं ओततोय. थोडी थोडी, पण सगळीच. मरायचे ते जंतू मेले. जे उरले त्यांना आता कशानंच काही होत नाही. नळाची धार सरळ जाळीवर पडते, खालचं पाणी उडतं आणि हातांवर येतं. तुमचे नमुने तपासले, सगळ्या नर्सचे तपासले. सगळीकडे हेच. बेसिन लगेच बंद करायला सांगितलंय मी."

"आणि आमची पोरगी?"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. "देण्यासारखं काही उरलं नाही."

सिस्टर तिथल्याच स्टुलावर बसल्या. गेलेल्या एकेका बाळाची आई त्यांना आठवायला लागली. एकीला त्यांनी अंगठ्या काढायला लावल्या होत्या. एकीला दारातूनच परत पाठवलं होतं, नीट धुऊन ये म्हणून. ती बिचारी थँक्यू म्हणाली होती. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा सून पेटीजवळ बसली होती. दोन्ही हात तिनं काखेत दाबून धरले होते. पेटीतली पोर आता अधूनमधूनच श्वास घेत होती.

"मी हात लावला नाही, आई," ती घाईघाईनं म्हणाली. "धुतलेत, पण भीती वाटते. माझ्यामुळे आणखी काही व्हायला नको."

सिस्टरांनी पेटी उघडली. नातीला नळ्यांसकट अलगद उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. सून अंग चोरून तशीच बसून राहिली. सिस्टर तिच्यापुढे खाली फरशीवर बसल्या आणि तिचे सोललेले हात एकेक करून काखेतून सोडवले.

"तू घरून येताना तुझे हात स्वच्छच होते, पोरी," त्या म्हणाल्या. "धुवायला मी लावले."