दोनशे सतरा नंबरची पोर

तिने दोनशे सतरा नंबरच्या गुलाबाचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं. ठिपका नव्हता. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, अगदी खालच्या फांदीवरचं जून पानही सोडलं नाही. सगळी हिरवीगार. शेडमधल्या बाकीच्या रोपांची मात्र पार रया गेली होती. पिवळ्या पानांचा खाली सडा पडला होता आणि वर नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

काळ्या ठिपक्याच्या बुरशीला भीक घालणार नाही असा गुलाब तिला हवा होता, तोही औषधाच्या थेंबाशिवाय. नऊ वर्षं ती या एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागली होती. रानगुलाबाचे पराग ब्रशने बागेतल्या गुलाबाला लावायचे, बी धरायचं, रोपं वाढवायची आणि मग त्यांना मुद्दाम रोग लावायचा. रोगट पानं पाण्यात खळबळली की बुरशी पाण्यात उतरते, ते पाणी पंपाने रोपांवर मारायचं. आजारी पडेल ते उपटायचं. अशी हजारो रोपं तिने उपटली होती. नवरा म्हणायचा, लग्नाच्या वेळी मला वाटलं फुलांची हौस असलेली बायको मिळाली, निघाली यमदूत.

आज दहा वाजता रोपवाटिकेच्या मालकीणबाई येणार होत्या. बाई सरळ होत्या. नऊ वर्षं त्यांनी कळ काढली होती, पण गेल्या हंगामात त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की यंदा एक तरी रोप टिकलं पाहिजे, नाहीतर शेड मोकळी करून इथे कुंड्यांचं गोदाम करायचं. त्यात चुकीचं काय होतं? नऊ वर्षं म्हणजे काही थट्टा नव्हे.

सासरे झारी घेऊन आत आले. त्यांची चाळीस वर्षं सरकारी बागेत माळीकाम करण्यात गेली होती. सासूबाई गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं, म्हणून तिनेच त्यांना पाणी घालायला सोबत आणायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्यांनी औषधांशिवाय गुलाब ही कल्पना हसण्यावारी नेली होती. त्यांच्या पलंगाखाली औषधांची एक ट्रंक असे आणि अंगाला कायम गंधकाचा वास. ट्रंक शेडमध्ये आणणार नाही अशी शपथ तिने त्यांना घ्यायला लावली होती. बाकी तिच्या कामातलं ते विचारत नसत, ती सांगत नसे. घरात शांतता हवी तर तेवढं बरं.

"बाबा, जमलं," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातात भिंग दिलं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलंच नाही. उपड्या बादलीवर हळूच टेकले.

"सूनबाई, एक सांगू? या पोरीला मी जादा औषध द्यायचो. तू जेवायला गेलीस की. दोन वर्षं झाली."

तिला आधी ऐकू आलं, मग समजलं. त्यांचं सांगणं एवढंच होतं, की हिचं पहिलं फूल पाहिलं आणि जीव जडला. बाकीच्यांसारखी हिलाही तू उपटशील, ही धास्ती. रडवेला चेहरा करून ते बसून राहिले. त्यांना गदागदा हलवावं असं तिला वाटलं. आणि रडावंसंही वाटलं.

घड्याळात पावणेदहा वाजले होते. गप्प बसणं सोपं होतं. तोंड उघडायचं नाही, रोप पुढे करायचं, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण लोक भरवशाने हा गुलाब दारात लावतील आणि पहिल्याच हंगामात त्याची काटकी होईल. छे! तिने डोळे पुसले. बी अजून होतं. शेड गेली तर घराची गच्ची होती. पुन्हा पहिल्यापासून धरायचं, झालं.

मालकीणबाई आल्या त्या पाच मिनिटं आधीच. दोनशे सतरासमोर उभ्या राहिल्या, पानं चाळली, आणि कधी नव्हे ते हसल्या.

"बाई, हे रोप हिशेबात धरू नका," ती म्हणाली. "याला औषध मिळालंय. दोन वर्षं. मला आज कळलं."

मालकीणबाईंचं हसू गेलं. सासरे धडपडत उठले आणि चूक आपली आहे, सूनबाईला त्यातलं काही माहीत नव्हतं, असं दोनदोनदा सांगू लागले. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. ठरल्याप्रमाणे शेड मोकळी करावी लागेल, त्या शांतपणे म्हणाल्या. तिने मान हलवली आणि पुढच्या लागवडीसाठी बियांचा डबा तेवढा मागून घेतला.

जाता जाता बाई दारात थबकल्या. त्यांच्या स्वतःच्या अंगणात गुलाब होते आणि बाजारातली सगळी औषधं मारूनही त्यांचा ठिपका काही हटत नव्हता.

"आजोबा, तुम्ही मारलंत तरी काय?"

"मी कुठलं वेगळं आणणार?" सासरे म्हणाले. "ट्रंक आणायची नाही अशी शपथ आहे. सूनबाई दर सोमवारी पंपाने सगळ्या रोपांवर जे औषध मारते, तेच. पंपात उरलेलं सगळं हिच्या एकटीच्या अंगावर रिकामं करायचो."

मालकीणबाई तिच्याकडे वळल्या. "कुठलं औषध असतं त्या पंपात?"

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"बुरशी," ती म्हणाली.